सब्ज्याची जुडी

पुंडलिकरावांच्या हातात कुठलीही वस्तू आली की आधी ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जायची. मेथीचं पान असो, गिऱ्हाइकानं दिलेली नोट असो, नाहीतर आमच्या क्लासच्या खिडकीसाठी आणलेल्या पडद्याचं कापड असो. चोळून झालं की ते डोळे बारीक करत, थोडं थांबत आणि निकाल देत. "सुपर." किंवा "फेअर." आणि माल अगदीच टाकाऊ असला तर आवाज खाली आणून, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं, "कवडी." आमचा पडदा फेअर निघाला होता. तो मी स्वतः निवडला होता, त्यामुळे मला त्यांचा रागच आला होता.

उभी नोकरी त्यांनी सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर म्हणून केली. त्यातली बरीच वर्षं अकोल्याकडे, बार्शीटाकळीच्या केंद्रावर. गाड्यांची रांग लागायची, हे प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस ओढायचे, चिमटीत धरून धागा ताणायचे आणि ग्रेड सांगायचे. पुढे खरेदी आटत गेली, केंद्रांना कुलपं लागू लागली आणि पुंडलिकराव मुदतीआधीच घरी बसले. बसणं त्यांना मानवलं नाही. म्हणून अमरावतीत राजापेठेत, आमच्या क्लासच्या जिन्याखाली, त्यांनी पिझ्झ्याचं दुकान काढलं. कापसातला माणूस पिझ्झ्यात कसा गेला, हे मला विचाराल तर पुण्याच्या लेकीनं त्यांना एकदा हॉटेलात नेलं, एवढंच कारण. तिथून परत आल्यावर त्यांचं मत ठाम झालं होतं. "आपला गवऱ्यांवर भाजलेला कनकेचा रोडगाच हाये थो. चपटा केला, पोटातलं काढून वरतं मांडलं आन् नाव इंग्रजी ठेवलं. पन त्यायले वरतं काय मांडाव थे समजलं नाई."

मी मूळची सांगलीची. रसायनशास्त्र शिकवायला अमरावतीत आले त्या दिवशी भुकेनं जीव गेला होता आणि खाली फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'सांबार पिझ्झा'. मी गल्ल्यावर जाऊन म्हटलं, "काका, सांबारानं खालची पोळी भिजून जात असेल ना? मला सांबार वाटीत वेगळं द्या."

"वाटीत कायले?" ते म्हणाले. "सांबार कोनी वाटीत खाते का?"

"मग इडलीबरोबर कसं खातात?"

"इडलीवर कोन टाकते सांबार? टाकलंच तं चटनीत, थोडंसं, कापून."

सांबार कापून! हा माणूस माझी थट्टा करतोय अशी माझी खात्री झाली, आणि ही बाई डोक्यानं थोडी कमी आहे अशी त्यांची. शेवटी त्यांनी मागच्या डब्यातून कोथिंबिरीची एक काडी खुडली, चोळली आणि माझ्या नाकासमोर धरली. "हे सांबार. तुमच्याकडं याले काय म्हनतेत?"

"कोथिंबीर."

"एवढ्याशा पानाले एवढं लंबं नाव? तोंडातून निघंपर्यंत भाजी करपून जाईन." मग त्यांनी मला तो पिझ्झा खाऊ घातला. भरपूर कोथिंबीर, लसणाची पात, वरून खसखस आणि खोबरं भाजून भुरभुरलेलं. मी खरं सांगते, त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी पिझ्झा खाल्ला. पण त्याची आठवण काढून खाल्ला.

त्यांचे सगळेच प्रयोग असे साधत नव्हते. एका हिवाळ्यात संत्री उदंड आली आणि मातीमोल झाली, तेव्हा त्यांनी संत्र्याच्या फोडी पिझ्झ्यावर मांडून भट्टीत सरकवल्या. बाहेर आलं ते कडू, चिकट आणि कशातच न बसणारं होतं. क्लासच्या पोरांनी पहिला घास घेतला आणि सगळी एकमेकांकडे बघत बसली. पुंडलिकरावांनी स्वतः एक तुकडा खाल्ला, मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "कवडी." तरी पुढच्या हिवाळ्यात त्यांनी संत्र्याची साल वाळवून पुन्हा खटाटोप केला. ओल्या तुरीचे दाणे, अंबाडीची आंबट भाजी आणि ठेचा, कवठाची चटणी, ओव्याची पानं तळून वर टाकलेली, असं काय काय त्या भट्टीत गेलं याचा हिशेब नाही. पुण्याची लेक फोनवर म्हणायची, बाबा, याला पिझ्झा म्हणत नाहीत. ते म्हणायचे, "तू नको म्हनू. पोट्टे म्हनून राहिले."

पाला सगळा घरचा. दुकानामागेच त्यांचं घर होतं आणि गच्चीवर तेलाच्या पत्र्याच्या डब्यांची वस्ती. सुरुवातीला त्यांनी वलगावला भावाच्या वावरातून काळी माती पोत्यांनी आणली, मोठ्या अभिमानानं. ती माती डब्यात उन्हाळ्याला आकसली, भेगाळली आणि पुदिन्याच्या मुळ्याच तोडून बसली. त्यांची बायको सुशीलाबाई म्हणाल्या, "वावरातली माती डब्यात कोंडली, थे भांडन तं करीनच." मग त्यात वाळू आली, सरकीची ढेप आली. ढेप भिजली की असा वास सुटायचा की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. पुंडलिकरावांना तो वास आवडायचा. त्यांचं म्हणणं, नोकरी सुटली पण वास सुटला नाही.

कापूसवाल्या शेतकऱ्यांसाठी ती वर्षं वाईट होती. सकाळी वर्तमानपत्र आलं की ते जिल्ह्याच्या बातम्यांचं पान काढून, न वाचता, भट्टीखाली सारायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ओयखीचं नाव निघन मॅडम. अर्ध्या जिल्ह्याचा कापूस मी या दोन बोटात धरलेला हाये." एवढं बोलून ते कणीक मळायला लागले. पुढे मीही कधी विषय काढला नाही.

पण त्यांचा आवाज 'कवडी' म्हणताना खाली का जायचा, ते त्यांनी मला सांगितलं. बार्शीटाकळीच्या जिनिंगमध्ये रहीमभाई नावाचे फिटर होते. दोघंही अमरावतीचे, म्हणून आठवडाभर एकाच खोलीत राहायचे, एक भाजी करायचा, दुसरा पोळ्या लाटायचा. एकदा अवकाळी पावसात भिजलेला कापूस घेऊन एक म्हातारा आला. पुंडलिकरावांनी कापूस चिमटीत धरला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, नेहमीच्या आवाजात, 'कवडी' म्हणून सांगितलं. म्हातारा भांडला नाही. गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. रहीमभाईंनी त्याला चहा आणून दिला, मग ह्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "पुंडलिक, तुही ग्रेड बराबर हाये. पन सांगतानी आवाज खाली ठेवत जा."

रहीमभाई मी येण्याआधीच गेले होते. त्यांची बायको शमीमआपा मागच्या गल्लीत राहायच्या, मुलगा नागपूरला नोकरीला. आपांच्या घराची पुढची खोली रिकामी होती आणि ती मला पुंडलिकरावांनीच मिळवून दिली. जामीन राहताना आपांना त्यांनी सांगितलं, "पोट्टी चांगली हाये, भाबी. फक्त सांबाराले लय लंबं नाव घेते."

आपांच्या अंगणात विहिरीच्या कडेनं सब्जा लावलेला होता. फालुद्यात ज्याचं बी घालतात तोच; तुळशीच्या नात्यातला, पण पान मोठं, उजळ हिरवं आणि वासाला गोड. त्यांच्याकडे सब्जा कबरीवर वाहतात. पण आपांच्या घराण्यात बायका कबरस्तानात जात नसत. म्हणून दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी आपा सब्ज्याची जुडी बांधायच्या, पाणी शिंपडायच्या आणि ओट्यावर उभ्या राहायच्या. पुंडलिकराव दुकान सुशीलाबाईंवर टाकून स्कूटरवरून यायचे, जुडी घ्यायचे आणि रहीमभाईंकडे जायचे. दोघांत बोलणं जेमतेम. "भाईसाब, संभालून." "हो भाबी." बस्.

एकदा त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवर नेलं. मी कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच थांबले. त्यांनी जुडी सोडली, काड्या एकेक करून कबरीवर मांडल्या आणि मग बराच वेळ उभे राहून काहीतरी बोलत राहिले. परतताना मी विचारलं, दुवा मागता का? "मले कुठून येते दुवा? कापसाचा भाव सांगतला. कोन रिटायर झालं, कोनाच्या पोट्टीचं लगन झालं, थे सांगतलं. त्याले आयकायचं असते."

आता जे घडलं त्याला निमित्त माझं आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येताना मी त्यांच्यासाठी बेसिलच्या सुक्या पानांची एक बाटली आणली. इटलीत पिझ्झ्यावर हे घालतात, म्हणून. त्यांनी चिमूटभर पानं तळहातावर चुरली, हुंगली, पुन्हा हुंगली. "हा वास मी घेतलेला हाये, मॅडम. कुठी घेतला, याद नाई येऊन राहिली." दोन दिवस ते अस्वस्थ होते. गुरुवारी कबरीवर काड्या मांडताना त्यांनी सवयीनं एक पान चोळलं आणि जागच्या जागी त्यांना आठवलं.

त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. परदेशातलं म्हणून बाटलीत बंद होऊन येतं ते पान मागच्या गल्लीत विहिरीच्या कडेला उभं! त्यांनी त्या जुडीतल्या चार काड्या शर्टाच्या खिशात घातल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'नव्या पानाचा पिझ्झा' लागला. गरम चीजवर ते पान पडलं की असा घमघमाट सुटायचा की वरच्या मजल्यावर माझ्या तासाला कुणाचं लक्ष लागेना. पोरं दुसरं काही मागेनात. पुढचे दोन-तीन गुरुवार जुडीतल्या थोड्या काड्या रहीमभाईंकडे जायच्या आधीच दुकानात उतरल्या.

त्यांनी हे लपवलं नाही, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. लपवण्यासारखं त्यात काही आहे हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यानंतरच्या गुरुवारी ते ओट्यापाशी आले ते हसतच. मी माझ्या दारात उभी होते.

"भाबी, तुमचं पान सुपर निघालं. पोट्टे दुसरं काई मागूनच नाई राहिले."

आपा जुडी पुढे करत होत्या. "कोन्तं पान?"

"हेच, सब्जा. बाहेरच्या देशात लोक पिझ्झ्यावर हेच टाकतेत. आपल्याले पत्ताच नाई."

आपांचा हात मागे गेला. जुडी त्यांनी छातीशी धरली. "त्याईच्या जुडीतलं काढलं?"

"थोडंसंच. दर खेपेले चार काड्या."

"मांगतलं असतं तं आख्खा वाफा उपटून देल्ला असता, भाईसाब," आपा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पन हे मी त्याईले देल्लं होतं. मले तिथं जाता येत नाई. माया हातचं एवढंच तिथं जाते. त्यातलंच तुमी काढलं?"

पुंडलिकरावांचा हात तसाच पुढे होता. आपा म्हणाल्या, "आता तुमी तकलीफ नका घेऊ," आणि आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी गल्लीतल्या सायकलवाल्या चाचांना बोलावून जुडी त्यांच्या हाती दिली. पुंडलिकराव ते पाहायला थांबले नव्हते. स्कूटर सुरू न करताच हातानं ढकलत ते गल्लीबाहेर गेले.

फळ्यावरचं 'नव्या पानाचा पिझ्झा' त्याच संध्याकाळी पुसलं गेलं. माफी मागायला ते एकदा गेले. आपांनी चहा दिला, तब्येत विचारली, सगळं रीतसर. जुडीचं नाव काढलं नाही. मला वाटलं होतं, निवळेल हळूहळू. पण गुरुवार आला की चाचा सायकलवरून जायचे आणि पुंडलिकराव दुकानात उभे राहून रस्त्याकडे बघायचे. सुशीलाबाई म्हणायच्या, "जुमेरातीले याईच्या हातून एक तरी पिझ्झा करपतेच." मी त्यांना म्हटलं, तुम्ही नुसतेच जा ना कबरीवर, कोण अडवतंय? ते माझ्यावर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "खाली हातानं जाऊ? आन् भाबीनं नाई म्हनलं, मंग चोरून जाऊ? एक डाव चोरी केली थे पुरे नाई झालं का?"

मग ते सब्जा लावायला बसले. बी किराणा दुकानातून आणलं, फालुद्याचं, आणि फालुद्याला भिजवतात तसं रात्रभर भिजवून ठेवलं. सकाळी त्याचा बुळबुळीत गोळा झाला. तो त्यांनी तसाच डब्यात थापला आणि तो कुजला. दुसऱ्या खेपेला कोरडंच बी वाळूत मिसळून पेरलं. उगवलं, तर चिमण्यांनी खाल्लं. तिसऱ्या खेपेची रोपं वीतभर झाली आणि अमरावतीचा मे महिना आला. दुपारी ते दुकान सोडून गच्चीवर जायचे, ओली पोती रोपांवर धरायचे. या वयात उन्हात काहून जाता, म्हणून सुशीलाबाई रागावायच्या. मला त्या एवढ्याशा रोपांची धास्तीच बसली होती. ही जळली तर या माणसाचं काय होईल, असं वाटायचं.

रोपं जगली. पावसाळा सरता सरता सब्जा डब्यात मावेनासा झाला. त्यातलं एक पानही त्यांनी भट्टीकडे जाऊ दिलं नाही आणि कबरीवरही स्वतःहून नेलं नाही. दोन डबे स्कूटरवर पायापाशी ठेवून ते आपांच्या ओट्यापाशी आले, डबे उतरवले आणि म्हणाले, "भाबी, हे माया हातचं हाये. तुमच्या मर्जीचं आता." एवढं सांगून निघून गेले.

आपांनी डबे हलवले नाहीत. संध्याकाळी विहिरीकडच्या सब्ज्याला पाणी घातलं तेव्हा त्या डब्यांनाही घातलं. दोन गुरुवार तसेच गेले. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी माझ्याकडून निरोप पाठवला. पुंडलिकराव हात पुसत पुसत आले. ओट्यावर आपा जुडी घेऊन उभ्या होत्या. अर्ध्या काड्या विहिरीकडच्या, अर्ध्या डब्यातल्या.

"भाईसाब, चाचाचे गुडघे लय दुखून राहिले," आपा म्हणाल्या. "तुमी जाता का?"

चाचा त्या वेळी गल्लीच्या टोकाला एका पोराची सायकल धरून धावत होते. पुंडलिकरावांनी तिकडे बघितलं, आपांकडे बघितलं आणि म्हणाले, "हो भाबी." जुडी घेऊन ते निघाले.

त्यानंतर गच्चीवर सब्जा कायम राहिला, पण पिझ्झ्यावर पुन्हा आला नाही. जुनी पोरं कॉलेजातून सुट्टीला आली की विचारायची, काका, ते नवं पान? पुंडलिकराव म्हणायचे, "थे पान ड्युटीवर हाये." मीही एकदा म्हटलं, आता तर ते तुमच्याच डब्यातलं आहे, आपा काय म्हणणार आहेत? ते म्हणाले, "भाबी काई नाई म्हनन. म्हनूनच नाई टाकत."

पुढे माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला गेले. येणं-जाणं कमी झालं, फोन राहिला. एका उन्हाळ्यात तोही सुशीलाबाईंचा आला. पुंडलिकरावांना ताप आला, दोन दिवस दवाखान्यात होते, आणि गेले. मी तेरवीला गेले आणि राहिले. दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंनी दुकान उघडलं. बंद दुकान पाहून रडू येते, उघड्यात येत नाही, असं त्या म्हणाल्या. दिवस गुरुवारचा होता. वर क्लास सुटला होता आणि पाच-सहा पोरं नेहमीसारखी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाट बघत होती.

आपा बुरख्यात आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. हातात पाणी शिंपडलेली जुडी होती. रहीमभाईंची जुडी नागपूरहून आलेल्या मुलाबरोबर आधीच पाठवली, असं त्यांनी सांगितलं.

"ही भाईसाबची," त्या म्हणाल्या. "त्याईले कबरीची जागा हाये, सुशीलाबाई. याईची तं राख बी तुमी पान्यात सोडली. मंग मी हे कुठी ठेवू?"

भट्टीतून पोरांसाठी साधाच पिझ्झा निघाला होता, चीज अजून उकळत होतं. आपा त्याच्याजवळ गेल्या, वाकून पाहिलं. मग नळावर हात धुतले आणि जुडी सोडली.

"त्याईनं हे पान यावर टाकनं बंद केलं होतं, भाबी," सुशीलाबाई कशाबशा म्हणाल्या.

"मालूम हाये मले. मी टाकून राहिली."

एकेक पान खुडून आपांनी ते कडेपासून कडेपर्यंत मांडलं, मध्ये कुठं जागा न सोडता. वास दुकानभर झाला. जिन्यावरची पोरं उठून गल्ल्यापाशी आली. सुशीलाबाईंनी कापून ताट पुढे केलं, पण आपांनी त्यांना थोडं थांबा म्हणून खुणावलं. त्यांनी चेहऱ्यावरचा नकाब वर केला, पहिला तुकडा स्वतः उचलला, बिस्मिल्ला म्हटलं आणि खाल्ला.